यात कोणी मरत नाही

“काका, जरा कमी मरा,” ध्वनिमुद्रक काचेपलीकडून म्हणाला. “लहान मुलांचा सिनेमा आहे हा.”

काका गादीवरून उठले आणि गुडघा चोळत पुन्हा माइकसमोर उभे राहिले. गादी त्यांची स्वतःची होती. ती माइकपुढे अंथरायची आणि गोळी लागली की धाडकन तिच्यावर कोसळायचं, म्हणजे श्वास खराखुरा तुटतो, ही त्यांची पद्धत. युद्धपटांतल्या बिननावाच्या सैनिकांना आवाज देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि बिननावाच्या सैनिकाला मरण्याखेरीज दुसरं काम ते काय असणार! स्टुडिओत सगळे त्यांना हुतात्मा म्हणत. “हुतात्म्यांच्या चहात साखर कमी,” अशी आरोळी रोज उठायची आणि रोज तितकाच हशा पिकायचा.

हा चित्रपट मात्र वेगळा होता. बोटाएवढ्या खेळण्यातल्या सैनिकांवरचा ॲनिमेशनपट. रणगाडे, हेलिकॉप्टरं, सगळी फौज कपाटाखालून निघते आणि धूळ ओढणाऱ्या यंत्रावर चाल करून जाते. धुमश्चक्री पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण ती खेळणी बनवणाऱ्या कंपनीची सक्त ताकीद होती, की एकही सैनिक मरता कामा नये. मेलेला सैनिक दुकानात घेणार कोण?

ही अट काकांनी घरी सांगितली तेव्हा काकूंनी हातातली चादर तशीच खाली ठेवली.

“म्हणजे यात कोणीच मरत नाही?”

“कोणी म्हणजे कोणी नाही.”

“मग मी येते हो बघायला.”

काकांना आपण नीट ऐकलं ना, अशी शंका आली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते मोठ्या हौसेनं काकूंना आपला एक युद्धपट दाखवायला घेऊन गेले होते. पडद्यावर परके चेहरे पडत होते आणि प्रत्येकाच्या तोंडून नवऱ्याचा जीव जात होता. मध्यंतराच्या आतच काकू रडत बाहेर आल्या. “तुमचा जीव जातोय आणि मी पॉपकॉर्न खात बसू?” म्हणाल्या, त्या पुन्हा थिएटरची पायरी चढल्या नाहीत. नवऱ्याची कमाई त्यांनी आयुष्यभर पाहिली, काम कधीच नाही. काकांनी हे दुःख कधी बोलून दाखवलं नाही, पण ते होतं.

आता त्या आपण होऊन येते म्हणत होत्या आणि नेमकं आताच नशिबानं गंमत केली होती. दिग्दर्शिकेनं काकांना चक्क भूमिका दिली होती. म्हातारा पहारेकरी. हातातल्या दिव्याच्या उजेडात तो सगळ्या तुकडीला पलंगाखालच्या अंधारातून बाहेर काढतो आणि शेवटी स्वतः थांबतो. नामावळीत काकांचं नाव येणार होतं, तेही जन्मात पहिल्यांदा.

“थांबतो म्हणजे... मरतोच ना?” काकांनी विचारलं होतं.

“छे, काका! सेल संपतात त्याचे. कंपनीला विचारून घेतलंय. त्यांची काही हरकत नाही, सेल वेगळे विकत मिळतात.”

सगळे हसले होते. काकांनाच तेवढं हसू आलं नव्हतं.

कागदावरचं वाक्य होतं, ‘चाललो मी! लढत राहा, गड्यांनो!’ काकांनी ते तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा इतके जीव तोडून मेले की दिग्दर्शिका आत आली.

“बाई, हे दुसऱ्या कोणाला द्या,” काका म्हणाले. “मला मरण्याशिवाय काही येत नाही. आणि घरी मी शब्द दिलाय, यात कोणी मरत नाही म्हणून. बायको येणार आहे.”

तिनं त्यांच्या हातातला कागद काढून घेतला. “काका, प्लॅस्टिकचा चेहरा आहे त्याचा. ओठ हलत नाहीत. काकू घाबरणार नाहीत असं काहीतरी म्हणा. मला काहीही चालेल.”

काका विचारात पडले. हिला न घाबरवता डोळे मिटायचे तरी कसे? आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. ते तर आपण रोजच करतो. त्यांनी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, खुर्ची ओढली, माइक खाली घ्यायला लावला आणि एकच वाक्य म्हटलं.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकानं मान खाली घातली. काकांना वाटलं, टेक फुकट गेला.

थिएटर मुलांनी गजबजलं होतं. ठेवणीतले कपडे घालून आलेल्या काकू सुरुवातीला खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. सैनिक पडला की कोपरानं ढोसायच्या.

“मेला?”

“नाही गं. हात निखळला नुसता.”

“बरं.”

हळूहळू त्या मागे टेकल्या. यंत्राच्या पोटातून रणगाडा बाहेर आला तेव्हा मुलांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. काका पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत होते. इतक्या वर्षांचं देणं कोणीतरी एकदम चुकतं करावं, तसं त्यांना वाटत होतं.

मग म्हातारा पहारेकरी आला. तुकडी उजेडाकडे धावली. तो भिंतीला टेकून बसला, त्याच्या हातातला दिवा पिवळा पडत गेला, आणि थिएटरभर काकांचा आवाज आला, अगदी घरातला.

“दिवा मालव आता. झोपतो मी.”

“मालवते,” काकू म्हणाल्या.

रोजच्या सवयीनं, रोजच्याच आवाजात. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. एक मुलगी वळून हसली. पडद्यावर दिवा विझला.

काकूंचा हात अंधारात चाचपडत आला आणि त्यांनी काकांचं मनगट घट्ट धरलं.

“अहो, सेल बदलतात ना त्याचे?”

काकांनी आपल्या वाट्याचा तुकडा तेवढा पाहिला होता. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“बदलतात की,” ते म्हणाले.

पण चित्रपट संपलाच. मुलं उठली, दिवे लागले, पडद्यावर नावं वर सरकू लागली. काकांचं नाव आलं आणि गेलं. काकू मनगट सोडत नव्हत्या, आणि दोघांपैकी कोणाचंही पडद्याकडे लक्ष नव्हतं.