तिसऱ्या वळणावरचा थांबा

परीक्षकाने हात वर करून काता थांबवला, तेव्हा मला वाटलं याला शिंक आली असावी. काता म्हणजे ठोसे, लाथा आणि वळणं यांची ठरलेली सलग मालिका. माझ्या वर्गाचा काता मध्येच थांबवावा असं त्यात काही असूच शकत नव्हतं. शिवाय हा परीक्षक कोण, तर एकेकाळी माझ्या मागच्या रांगेत उभा राहून, माझं बघून बघून शिकलेला.

"तिसऱ्या वळणापासून पुन्हा," तो म्हणाला.

मुलांनी पुन्हा केलं आणि त्याने पुन्हा थांबवलं. मग एकेकाला वेगळं करायला लावलं. शेवटी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "ताई, हे सगळे इथे थांबतात का?"

"कुठे थांबतात?"

"वळताना. उजवा खांदा पाडतात, टाच उचलतात, जरा थांबतात आणि मग वळतात. एकजात सगळे."

मी डोळे फाडून पाहिलं. मला काही दिसलं नाही. वळण होतं तसंच होतं. मी त्याला म्हटलं, चष्मा बदल. तो अदबीने हसला, त्याचा मला जास्तच संताप आला. ब्लॅक बेल्ट कुणालाच मिळाला नाही. पुढच्या रविवारी फेरपरीक्षा घेतो, एवढी मेहरबानी त्याने केली.

बाकीच्यांचं एक वेळ चाललं असतं, पण भिंगरीचं काय? ती माझी भाची. लहानपणी घरभर गरगरत असायची, म्हणून हे नाव पडलं. एका शाळेत मुलींना कराटे शिकवायचं काम तिला जवळजवळ मिळालंच होतं. अट एकच होती, ब्लॅक बेल्ट. तोही याच महिन्यात हवा होता.

परीक्षक गेल्यावर मी सगळ्यांना फैलावर घेतलं. "तिथे थांबायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

वर्गात भिंगरीही मला बाईच म्हणते. ती म्हणाली, "तुम्हीच, बाई."

"मी? कधी?"

"सांगितलं नाही, पण तुम्ही थांबता ना. तिथे मागच्या शत्रूची चाहूल घ्यायची असते."

"मी तर तिथे श्वास सोडतो," गॅरेजवाला म्हणाला. तो आमच्यातला सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. "बाईंचाही सुटतो तिथे."

"आणि बारीक 'हुं' करायचं असतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मला हसू येत होतं आणि घाबरायलाही होत होतं. मी थांबते? मी हुं करते? माझ्या लेखी मी इतकी वर्षं एका दमात वळत होते.

घरी नवरा पेपर वाचत बसला होता. मी विचारलं, "अहो, मी लंगडते का?"

"थोडीशी. वळताना."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. पाय तुझा आहे."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या खुब्यातली गादी झिजून हाडावर हाड घासत होतं. कडक जमिनीवर जन्मभर एकाच पायावर गरगर फिरलात त्याचं हे फळ, म्हणाले.

"दुखायला कधीपासून लागलं?"

"दुखत नाही."

"उजव्या कुशीवर झोपता येतं?"

"मी झोपतच नाही उजव्या कुशीवर."

"का?"

खरंच, का नाही झोपत? ज्यांनी मला शिकवलं ते म्हणायचे, अंग दुखलं म्हणजे अंग तयार होतंय. मी ते इतकं मनावर घेतलं होतं, की दुखणं आणि तयारी यांतला फरक मला आता कुणी विचारला तर सांगता येणार नाही.

संध्याकाळी मी भिंगरीला एकटीलाच वर्गात बोलावलं. "हे बघ, असं," म्हणून वळून दाखवलं. ती वळली, थांबून.

"थांबू नकोस!"

"पण मावशी, तू थांबलीस."

मग मी न थांबता वळायला गेले. खुब्यातून अशी कळ आली की भिंत धरून उभं राहावं लागलं. ती धावली. मी तिच्यावरच खेकसले, "माझ्याकडे बघू नकोस. तिकडे तोंड कर आणि फक्त ऐक."

तिच्या पाठीमागे उभी राहून मी तोंडी सांगत गेले. टाच टेकव, खांदे सरळ, आता वळ. दोन-चारदा अडखळली. मग एकदाची सरळ, सलग वळली.

"चुकलं," मी म्हणाले.

"कुठे?"

मला सांगता येईना. टाच खाली होती, खांदे सरळ होते. चूक काढायला जागाच नव्हती, तरी मला ते कच्चं वाटत होतं, अर्धवट. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच दिसलं.

"तुला कसं वाटतंय?"

"सोपं वाटतंय. पण काहीतरी राहून गेल्यासारखंही वाटतंय."

आता आमच्या दोघींत बरोबर कोण, हे ठरवायचं कुणी? मी म्हटलं, "असंच कर." पण माझाच माझ्या नजरेवर विश्वास उरला नव्हता.

रविवारी मी परीक्षेच्या हॉलबाहेर बसले. आत असते तर तिने माझ्याकडे बघितलं असतं. बऱ्याच वेळाने परीक्षक बाहेर आला. "झालं, ताई. स्वच्छ वळली." पाठोपाठ भिंगरी कमरेला नवा काळा पट्टा बांधून आली आणि माझ्या गळ्यात पडली. शाळेला फोनही करून झाला होता. उद्याच सकाळी पहिला वर्ग. मला खूप आनंद झाला, अगदी मनापासून.

हॉल वरच्या मजल्यावर होता. आम्ही जिना उतरायला लागलो. ती पुढे, मी कठडा धरून मागे. ती बडबडत होती, मुलींना आधी काय शिकवायचं, नंतर काय. माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. उजवा पाय खालच्या पायरीवर, मग डावा त्याच्याच शेजारी, जरा थांबायचं, मग पुढची पायरी. विशीतली धडधाकट पोरगी. मी माझ्या पायांकडे पाहिलं, तेही तसेच उतरत होते.

"तुझा पाय दुखतोय का गं?"

"छे. का?"

"मग अशी का उतरतेस?"

ती थांबून मागे वळली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. "अशी म्हणजे कशी?"

"पळत जा खाली," मी म्हणाले.

"अगं, पण तू..."

"जा म्हटलं ना! पळ!"

मी इतक्या जोरात ओरडले की तिचा चेहरा उतरला. मग ती पळाली, एकेक पायरी गाळत, पट्ट्याची टोकं उडवत. मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. मला रडू फुटलं, आणि ते नेमकं कशाचं हे काही केल्या कळेना. खालून तिने हाक मारली, "मावशी, येतेस ना?" उद्या सकाळी शाळेतल्या मुली रांगेत उभ्या राहून तिच्याकडे बघणार होत्या.