देवीदासाला जोड

अकोल्याच्या फडात देवीदास हात वर करून फिरत होता आणि त्या हाताला कुणीही हात लावत नव्हतं.

फडाची रीतच तशी. ज्याला कुस्तीसाठी जोड हवी असेल त्यानं लंगोटावर मातीत उतरायचं, उजवा हात उंच धरायचा आणि कडेकडेनं फेरी घालायची. ज्याच्या अंगात खुमखुमी असेल त्यानं उठून त्या हाताला हात भिडवायचा. बस्स, ठरली कुस्ती. एके काळी देवीदासाचा हात वर गेला की मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर चढत. दर्यापूर तालुक्यातलं त्याचं गाव कुणाला माहीत नव्हतं, पण त्याची ढाक, बगलेत हात घालून उलथवायचा तो डाव, पार बुऱ्हाणपुरापर्यंत माहीत होती.

आता त्याची फेरी जवळ आली, की कडेला बसलेल्या पैलवानांना एकदम कामं आठवत. एक लंगोटाची गाठ तपासू लागला. एकाला खोकला लागला. एक शेजाऱ्याच्या कानात असा काही घुसला, की आता बाहेर निघतो की नाही असं वाटावं.

पंच खुशालराव कंटाळले. म्हणाले, "देवीदास, बस कर बाप्पा. मांगं जोड्या खोळंबल्या."

"आनखी एक फेरी, खुशालराव."

"फेऱ्याच घालाच्या तं देवळात घाल. पुन्य तरी भेटीन."

लोक खदखदून हसले. देवीदासही हसला. न हसून करतो काय? त्यानं धोतर गुंडाळलं, सदरा खांद्यावर टाकला आणि तो फडाबाहेर पडला. मागे हलगी पुन्हा वाजायला लागली होती.

झालं होतं ते असं. पाच वर्षांपूर्वी बाळापूरच्या फडात देवीदासाची कुस्ती नारायणाशी ठरली होती. नारायण बाळापूरचाच, विशीतला, नुकतंच नाव काढू लागलेला पोरगा. कुस्तीच्या आदल्या दिवशी पाहुण्या पैलवानानं सामनेवाल्याच्या घरी काही खुराक घेऊन जायचा, अशी त्या भागातल्या जुन्या पैलवानांची चाल होती. लढाई फडात, घरी सोयरपण. देवीदासानं घरच्या म्हशीचं दही नेलं, मडकंभर. नारायणाची आई गोदाबाई हरखून गेली. एवढा मोठा गडी आपल्या दारात आला, हे तिनं चार घरी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणानं त्या दह्याचं ताक पोटभर ढोसलं आणि तासाभरात तो ओकून ओकून पार गळून गेला. डॉक्टर आले, म्हणाले, विषासारखं दिसतंय. मध्यप्रांतातल्या त्या इंग्रजी राज्यात बैल चोरीला गेला तर पोलिसांना गावाची वाट सापडत नसे. पण नामांकित पैलवानानं हरण्याच्या भीतीनं पोराला विष घातलं म्हटल्यावर जमादार दुपारीच हजर झाला. देवीदासाला बेड्या घालून त्याच घरात पंचनाम्याला आणलं.

पोरगा खाटेवर पडला होता. जीव वाचला होता, पण डोळे उघडवत नव्हते. गोदाबाई उशाशी बसून त्याचे केस मागे सारत होती. देवीदास भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक पितळी चरवी कलंडून पडली होती, लखलखीत, नवीकोरी. महिन्याभरापूर्वी नारायणानं फडात बक्षीस मिळवलेली. पाहुण्याचं दही मडक्यात काय ठेवायचं, लेकानं जिंकलेल्या भांड्यात ठेवू, असं गोदाबाईच्या मनात आलेलं होतं. चरवीच्या तळाशी राहिलेल्या दह्याला कडेनं हिरवी झाक आली होती. नव्या भांड्याला आतून कल्हईच नव्हती.

बिनकल्हईच्या पितळेत आंबट रात्रभर राहिलं की कळकतं, हे वऱ्हाडातली परकरी पोरसुद्धा सांगेल. गोदाबाईनंही सांगितलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरी. पण लेकाच्या पहिल्या मोठ्या बक्षिसाचं कौतुक एवढं होतं, की भांड्याच्या आत बघायचं तिला सुचलंच नाही. जमादारालाही सुचलं नाही. त्यानं मडकं जप्त केलं, कारण मडकं आरोपीचं होतं.

अमरावतीचे रविकांत वकील देवीदासाच्या बाजूनं उभे राहिले. अकोल्याच्या तुरुंगात देवीदासानं त्यांना चरवीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते टाळी वाजवायचेच बाकी राहिले.

"अहो, मग सुटलात तुम्ही! त्या बाईंना पिंजऱ्यात बोलावतो, दोन प्रश्न विचारतो, की संपला खटला."

"तिले इचारू नका, वकीलसायेब."

"का?"

"रांडमुंड बाई हाये. एकच लेक. त्याच्या पोटात इख गेलं ते तुह्याच हातानं, हे तिले भर कोर्टात सांगाचं? पोरगं वाचलं न. मंग झालं."

"आणि तुम्हाला सक्तमजुरी झाली तर?"

"तवाची गोष्ट तवा पाहू."

वकिलांनी कपाळाला हात लावला. असा अशील त्यांनी उभ्या वकिलीत पाहिला नव्हता. तरी माणूस हुशार. मडक्यात विष सापडलं नाही, सापडणार तरी कुठून. तेवढ्या एका धाग्यावर त्यांनी खटला ओढून नेला. कोर्टानं संशयाचा फायदा देऊन देवीदासाला सोडलं.

फायदा देवीदासाला मिळाला आणि संशय लोकांनी वाटून घेतला. 'सुटला, पण केलं त्यानंच' असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'वकील तगडा होता' म्हणून दुजोरा द्यायचा. नारायण बरा झाला, अंगानं भरला, पाहता पाहता अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांत त्याच्या तोडीचा गडी उरला नाही. देवीदास फडात उतरला, की तो उठून दुसरीकडे जाऊन बसायचा. ज्याच्या पोटात विष गेलं तोच तोंड फिरवतो म्हटल्यावर बाकीचे कशाला हात लावतील?

घरात हे सगळं फक्त बायकोला, मनकर्णाला माहीत होतं. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

अकोल्याहून तो परत आला त्या दिवशी ती म्हणाली, "आपल्या म्हशीचं ताक शेजारीन फुकट देलं तरी नेत नाई. कौतिक हाये तुमच्या चांगुलपनाचं! त्या बाईची लाज राखली, अन् मी कोन हावो?"

"मनकर्णे, जाऊ दे न."

"जाऊ द्या तं जाऊ द्या. मंग कावून जाता त्या फडात? हात वर करून भिकाऱ्यावानी?"

देवीदासानं खांद्यावरचा सदरा खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "कोर्टानं सोडलं ते कागदावर. एखाद्या मानसानं हात लावला पाह्यजे. तवा मी सुटलो."

मनकर्णानं ताट वाढलं. ताटात भाकर मात्र जरा जोरातच आपटली.

फाल्गुनात एका दुपारी देवीदास अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे बांधत होता. दारात छकडा थांबला आणि त्यातून गोदाबाई उतरली. वाळून गेली होती. मनकर्णानं तिला ओळखलं मात्र, आणि ती तरातरा घरात गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

"या माय," देवीदास म्हणाला. "बसा."

गोदाबाई बसली नाही. उभ्यानंच बोलायला लागली, वाटेत घोकत आल्यासारखी.

"नारायनाचं लगन झालं या साली. शकुन नाव हाये सुनेचं. चांगली हाये. ते चरवी मी फळीवर ठेवली होती, त्या दिसाची याद नको म्हनून हात नाई लावला. शकुनले काय ठाव? तिनं काढली, घासली, रातची कढी ठेवली तिच्यात. सकाळी खाल्ली अन् तशाच ओकाऱ्या, देवीदासा, तशाच. जशा माह्या नाऱ्याले झाल्या होत्या."

"आता कशी हाये पोरगी?"

"बरी हाये. हिंडते-फिरते." गोदाबाईचा आवाज फुटला. "मी चरवीत वाकून पायलं. हिरवं झालं होतं सारं. अन् तू तं तिथं नव्हता रे! तू तं इथं, तुह्या घरी होता!"

देवीदासानं भाऱ्याची दोरी आवळली. ती आधीच आवळलेली होती.

गोदाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू चमकला नाई," ती हळूच म्हणाली. "तुले ठाऊक होतं."

तो पुढचा भारा ओढू लागला. तेव्हा दारातून मनकर्णाच बोलली.

"ठाऊक होतं, माय. पंचनाम्याच्या दिसापासून. वकील तुमाले इचारतो म्हने, तं यायनं इचारू देलं नाई."

गोदाबाई मग खाली बसली. पदरात तोंड घालून रडली. देवीदासाला फडात दोन मणाचा गडी अंगावर आला तरी काय करायचं ते कळायचं. रडणाऱ्या म्हातारीपुढे त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

डोळे पुसून ती म्हणाली, "दर्यापूरचा फड हाये न आता? मी येते. बाया येत नसतीन तं नसतीन. साऱ्यायच्या मधात उभी राहून सांगते, मीच घातलं म्हनून."

"नाई, माय."

"कावून नाई?"

"तुमी सांगसान, तं लोक मले सोडतीन अन् तुमाले धरतीन. लोकायले कोनी तरी लागतेच. माही सवय झाली हाये. तुमची नाई होनार."

"मंग मी करू तं काय?"

तेवढ्यात मनकर्णा बाहेर आली आणि तिनं गोदाबाईपुढे ताकाचा वाडगा ठेवला. 'घ्या' मात्र म्हणाली नाही. गोदाबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला. मनकर्णा तिच्या हातातून वाडगा घेताना तिथेच, तिच्याशेजारी, टेकली. मग दोघी म्हशीबद्दल बोलत बसल्या.

दर्यापूरच्या फडात देवीदास उतरला तो सवयीनं. हलगी वाजत होती. हात वर करून त्यानं फेरी सुरू केली आणि पैलवानांना पुन्हा कामं आठवली, एकाला खोकला लागला. कडेला, फेटा बांधून, नारायण बसला होता. देवीदासानं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. पाहिलं आणि तो उठून गेला तर काय, ही धास्ती.

नारायण उठला. उठून गेला नाही. त्यानं फेटा काढून शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवला, सदरा-धोतर उतरवलं, आणि तो लंगोटावर सरळ मातीत आला. हलगीवाल्याचा हात थांबला. देवीदासाचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं भान त्याला राहिलं नव्हतं. नारायणानं आपला हात त्या हाताला भिडवला. भिडवून तसाच धरून ठेवला, सगळ्या फडाला दिसेल एवढा वेळ.

कुणीतरी "अरे!" म्हणालं. मग गर्दीत कुजबुज पसरली. विष ज्याच्या पोटात गेलं म्हणतात, तोच हात देतोय. मग आपण मधले कोण? मघाशी खोकणारा तो पैलवान खोकायचा थांबून चक्क उभा राहिला. खुशालरावांनी घसा साफ केला.

"लागली!" ते ओरडले. "देवीदास अन् नारायन! लागली!"

हलगी कडाडली. हात हातात अडकले, डोक्याला डोकं लागलं.

"मायनं सांगतलं सारं," नारायण त्याच्या कानाशी पुटपुटला. "पाच सालं तोंड फिरवलं मी, दादा."

"कुस्तीत बोलाचं नसते."

"मी हलकं लढनार नाई."

"लढून तं पाह्य हलकं! इथंच उचलून आपटीन."

आणि खरोखरच नारायण हलकं लढला नाही. हलकं लढला असता तर ती दया झाली असती, आणि दयेचा देवीदासाला वीट आला असता. त्यानं पाय खेचून पट काढायला वाकून पाहिलं, पोरगा खांबासारखा. मानेवर कसून पाहिलं. पोरानं मान अशी काढून घेतली, की देवीदासाला त्याचं कौतुकच वाटलं. दम लागला. पाच वर्षं नुसत्या फेऱ्या घातल्या, की दम लागणारच. तरी एकदा त्यानं नारायणाला गुडघ्यावर आणलं तेव्हा फड उठून उभा राहिला आणि त्याच्या नावानं ओरडला. देवीदासानं ते ऐकलं. ऐकत राहिला तेवढ्यात नारायणानं बगलेत हात घातला, ढाक लावली, आणि आभाळ खालून वर गेलं.

चीत झाला देवीदास. साफ चीत. दोन्ही खांदे मातीत, वाद घालायला जागा नाही. आणि तिथे उताणा पडल्या पडल्या तो हसायला लागला. असा हसला की पोट हलायला लागलं. खुशालराव घाबरून वाकले, डोक्याला लागलं की काय म्हणून. नारायणानं हात देऊन त्याला उठवलं, आणि उठवताना त्याच्या पायांना हात लावला.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. मनकर्णानं न्हाणीत कढत पाणी काढून ठेवलं होतं. तिनं काही विचारलं नाही. फडातून आलेल्या नवऱ्याला काय विचारायचं नसतं ते ती या पाच वर्षांत शिकली होती. देवीदास न्हाणीच्या दगडावर पाठमोरा बसला आणि त्यानं सदरा काढला.

तिचा हात तांब्यासकट थांबला. मानेपासून कमरेपर्यंत त्याची पाठ मातीनं भरली होती. फडातली तांबूस, तेलकट माती, घामानं घट्ट बसलेली. आपला नवरा हरला, हे तिला दिसलं. पण हरवायला समोर कुणीतरी लागतं, हेही तिला दिसलं.

"कोनं?" तिनं विचारलं.

"नारायननं."

तांब्या खाली ठेवून तिनं आपला तळवा त्याच्या पाठीवर, त्या मातीवर, पसरून ठेवला.

"टाक न पानी," देवीदास म्हणाला. "थंड होऊन राह्यलं."

"टाकते," ती म्हणाली. "घाई काय हाये?"