डोळा पुसताना

आळीतले लोक तिला पाठीमागे लखलखकाकू म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. तिच्या घरातल्या भांड्यांत तोंड दिसे. पाहुणा उठला की त्याची खुर्ची पुसली जाई, कधीकधी तर तो पुरता उठायच्या आधीच. नवरा साबणाच्या कारखान्यात मुकादम. तो म्हणे, मी कारखान्यात जेवढा साबण करतो तेवढा ही घरात संपवते.

त्याच कारखान्यात एकदा कढईतला उकळता कॉस्टिक सोडा उसळला आणि मुकादमाच्या दोन्ही डोळ्यांत गेला. उजवा गेल्यातच जमा झाला. त्याच्या बुबुळावर लाल शिरांचं असं काही जाळं पसरलं की मागे डोळा आहे की नाही तेच कळेना. डावा शिल्लक होता, तर त्याच्याही कडेने शिरा आत सरकायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून समजावलं. बुबुळ काचेसारखं स्वच्छ असतं, त्यात रक्ताची एकही शीर नको. पण भाजलं की शरीर आपल्या परीने मदतीला धावतं, शिरा पाठवतं, आणि त्या मदतीनेच डोळा जातो. यावर एक उपाय होता. पोटात बाळाभोवती जी पातळ पिशवी असते, तिचा तुकडा. बाळंतिणीच्या परवानगीने घेतलेला, तपासून, गोठवून ठेवलेला. तो बुबुळावर शिवला की जखम शांत होते, तिच्यावर नवी त्वचा धरते आणि शिरांची वाढ थांबते.

काकूने नाक मुरडलं. कुठल्या कोणाच्या बाळंतपणातलं, आणि ते ह्यांच्या डोळ्यात! मुकादम मात्र खुशीत होता. म्हणाला, या वयात नव्याने जन्माला यायला मिळतंय, तर येऊ दे की मला.

ऑपरेशन झालं. घरी सोडताना बरंच काही सांगितलं गेलं. थेंब कधी घालायचे, काळा चष्मा, डोळ्याच्या आत बोट लावायचं नाही, फक्त पापण्या बाहेरून पुसायच्या, घाण साचू द्यायची नाही. काकूने ऐकलं सगळंच, पण मनात पक्कं बसलं ते एवढंच, की घाण साचू द्यायची नाही. मग काय विचारता! पाणी उकळायची, निवू द्यायची, स्वतःचे हात कोपरापर्यंत घासायची आणि मगच कापूस उचलायची. डोळ्यात तेल घालून जपत होती ती त्याला.

आठवडाभराने एका सकाळी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिला काहीतरी लोंबताना दिसलं. मळकट, बुळबुळीत, अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेला पापुद्रा असतो ना, तसं. तिच्या अंगावर काटा आला. पू धरला की काय? कापसाने टिपून पाहिलं, निघेना. मग चिमटीत धरून हळूच ओढलं. मुकादम कळवळला. तिने "झालं, झालं" म्हणत त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि ते अख्खं बाहेर आलं. त्याला एक बारीक काळा केस चिकटला होता. पापणीचा असेल, असं म्हणून तिने ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा हात धुतले.

आणि गंमत बघा, मुकादमाला नीट दिसायला लागलं. डोळ्यातलं पाणी खळत नव्हतं, पण इतक्या दिवसांचं धुकं गेलं होतं. खिडकी दिसली, खिडकीचे गज दिसले, काकूच्या कानामागची पांढरी बट दिसली. "अगं, तू म्हातारी झालीस की," तो म्हणाला, आणि दोघं हसली. त्या दिवशी ती इतकी खूश होती की घरातल्या सगळ्या खिडक्या तिने पुन्हा पुसून काढल्या.

पंधरवड्याने तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाई बराच वेळ यंत्रातून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, वर शिवलेली पिशवी कुठे गेली? धुकं तिच्यामुळेच होतं, आणि अजून काही दिवस ते राहायलाच हवं होतं. ती निघताना खाली नुकती धरलेली त्वचाही सोलून आली होती, आणि शिरा पार मध्यापर्यंत पोचल्या होत्या. टाके तुटलेत, त्या म्हणाल्या, कुणीतरी ओढल्याशिवाय असं होत नाही.

टाके. काळे, बारीक. काकूला कागदात गुंडाळून टाकलेला तो केस आठवला.

"मीच," मुकादम म्हणाला. "झोपेत चोळला असेल."

डॉक्टरीणबाई त्याच्यावर रागावल्या, चांगल्याच रागावल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि काकूने शेजारी बसून ब्रही काढला नाही. परत येताना रस्त्यात मात्र तिला राहवलं नाही. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "माझ्याच डोळ्यातून ओढलंस ना."

दुसरा तुकडा बसवून पाहिला, तो धरला नाही. थंडी सरता सरता डावा डोळाही उजव्यासारखा झाला. मुकादमाने खरी गोष्ट कुणालाच सांगितली नाही. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, अगदी पोटच्या मुलीलाही तो झोपेत चोळल्याचंच सांगत राहिला. काकूला वाटे, किती मोठ्या मनाचा माणूस आपल्याला मिळाला, आणि ते वाटून तिला आणखीच रडू येई.

डोळ्यांतून पाणी मात्र येतच राहिलं, चिपडं धरायची. ती रोजच्यासारखं पाणी उकळून, निववून, हात घासून, कापूस घेऊन त्याच्यासमोर बसे. तिचा हात जवळ आल्याची चाहूल लागली की तो मान मागे घेई आणि चाचपडत तिच्या हातातून कापूस काढून घेई.

"राहू दे. मी करतो."

मग तो आपलं आपण पुसे. निम्मं पुसलं जाई, निम्मं गालावर तसंच राही, आणि ती हात मांडीवर ठेवून बघत बसे.