कापलेलं अर्धं मिनिट

वर्गात एखादं मूल गप्प बसलं की आपण म्हणतो, शांत आहे बिचारं! ते गप्प का झालं, हे विचारायला आपल्याला सवड कुठे असते?

शेणव्याजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत पाचवीतली ठमी आठवडाभर अशीच गप्प होती. मनाली मॅडमनी मराठीच्या तासाला मुलांना मोबाइलवर गोष्टी बनवायला शिकवलं होतं. फोटो आपले, आवाज आपला. ठमीने आजी रानातून आणते त्या कडूकंदाची गोष्ट केली. पण तिची बोली ऐकून मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार, त्यांच्यापुढे ही असली मराठी? मधलं न कळलेलं अर्धं मिनिट त्यांनी सरळ कापलं आणि उरलेलं पुस्तकी भाषेत लिहून वर्गातल्या दिपिकाकडून वाचून घेतलं. फोटो ठमीचे, आवाज दिपिकाचा! तेव्हापासून ठमी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी.

साहेब यायच्या आदल्या दिवशी तिची आजी रंगूबाई शाळेत आली.

"पोरगी शालंत येयाची नाय म्हनते. तुमी तिचा आवाज कशाला काढलात?"

"आजी, परीक्षेत शुद्धच लिहावं लागतं. तिच्या भल्यासाठीच केलं मी."

"लिवाला शिकवा की! पन बोलली तवा तोंड दाबलंत, आता लिवंल कशी ती? उद्याच्याला आनते. मंग तिची मर्जी."

मॅडमना ते लागलं. पण आता बदलायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या टीव्हीवर गोष्ट लागली. साहेब खूश झाले. ठमीने फोटोसाठी आणलेले कंद मॅडमनी उरलेल्या गोष्टीत होतं तसेच सोलून, उकडून आणले होते. बशा फिरल्या. साहेबांनी फोड उचलली, दिपिकानेही उचलली.

आजीला चिकटून बसलेल्या ठमीने बशीकडे पाहिलं. दिपिकाचा हात तोंडाशी गेला.

"नको खाऊ गो! त्याला व्हालात नाय ठेवला!" ठमी ओरडली.

सगळे हात जागच्या जागी थांबले. रंगूबाईने फोड मोडून हुंगली.

"चकत्या करून रातभर व्हालाच्या वाहत्या पान्यात ठेवायचा, तवा कडूपना जातो. असाच खाल्ला तर वांत्या व्हतील. माझ्या नातीनं सांगितला नव्हता का?"

सांगितला होता! तेच ते अर्धं मिनिट! मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"ठमीने सगळं सांगितलं होतं, साहेब. मला कळलं नाही, म्हणून मी कापलं. चूक माझी."

त्यांनी मोबाइलमधली ठमीची जुनी, न कापलेली गोष्ट शोधून लावली. वर्गात ठमीचा आवाज घुमला. मग व्हाळाच्या पाण्याचं तिचंच वाक्य त्यांनी तिच्या बोलीत फळ्यावर लिहिलं आणि खडू तिच्या हाती दिला.

"पुस्तकातल्या भाषेत कसं लिहायचं, ते आता आपण दोघी मिळून बघू."

वाचकहो, पुस्तकातली मराठी पाड्यावरच्या मुलांना आलीच पाहिजे. पण तिच्यासाठी त्यांची घरची बोली कापू नका. आपल्याला कळलं नाही म्हणून ते चुकीचं असतं, असं नाही. आधी ऐका, मग शिकवा.

पुढच्या हजेरीला मॅडमनी ठमीचं नाव घेतलं. तिने हात वर केला नाही.

"हाय मी, मॅडम!" ती म्हणाली.