घरगाडीची स्टेपनी

"दोन्हीला बसती ना? मग जुनी असंना का. हीच घ्या."

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी कुणी माझ्यावर बोटानं टकटक केली, की आधी तोच आवाज आठवतो. मी एक जुनी स्टेपनी आहे. चालतं चाक फुटलं तर हाताशी असावं म्हणून गाडीच्या मागे टांगून ठेवतात, ते जादा चाक.

तेव्हा मी देवळाली कॅम्पात, गोटीरामभाऊंच्या टायरच्या दुकानात ढिगात पडून होते. ज्या जीपखाली धावले ती भंगारात गेली आणि मी मागे उरले. एके सकाळी नाशिकचे देवराम फोटोग्राफर दुकानात आले. लष्कराच्या लिलावातून सुटलेला एक दोनचाकी ट्रेलर त्यांनी घेतला होता आणि त्यावर पत्र्याची खोली उभारली होती. आत झोपायला फळी, एक स्टो, चार डबे, आणि फोटोसाठी रंगवलेला पडदा. पडद्यावर ताजमहाल होता आणि ताजमहालाला नारळ लागले होते. आपल्या जीपमागे हे घर ओढत न्यायचं आणि डोंगरातल्या आठवडी बाजारांत फोटो काढायचे, असा त्यांचा बेत होता. या घराला ते घरगाडी म्हणत.

सोबत दोघी होत्या. एक वत्सलाबाई, माहेर नांदगाव, देवरामांशी नुकतंच लग्न झालेल्या. दुसरी आठ वर्षांची तेजल, देवरामांच्या पहिल्या पत्नीची लेक. तिची आई तापानं गेली होती.

देवरामांचं मन एका चकचकीत, नव्या रंगाच्या चाकावर बसलं. गोटीरामभाऊ म्हणाले, "देखणं आहे साहेब, पण त्याला सहा भोकं. तुमच्या जीपला नट पाच, ट्रेलरलाही पाच. सहावा नट काय खिशात ठेवणार?" मग त्यांनी दुसरं दाखवलं. मापाचं होतं, पण त्याच्या टायरची नक्षी पार झिजून गेली होती.

वत्सलाबाईंनी त्यावरून हात फिरवला. "हा तर गोटा झालाय. गोटीरामभाऊंकडं गोटाच मिळायचा म्हणा."

गोटीरामभाऊंनाच आधी हसू आलं. त्यांनी ढिगातून मला ओढलं. रंग उडालेला, कडेला पोचा आलेला, पण भोकं पाच, उंची सारखी आणि टायरवर नक्षी शाबूत. जीपचं चाक गेलं तरी चालेल, घरगाडीचं गेलं तरी चालेल. तेव्हा वत्सलाबाई ते बोलल्या. आणि मी घरगाडीच्या पाठीवर चढले.

दुसऱ्या दिवशी घरगाडीपुढे नारळ फुटला. देवरामांची थोरली बहीण झुंबरबाई पेढा चघळत म्हणाल्या, "पोरीला आई पाहिजे होती, आमच्या देवरामनं स्टेपनी आणली."

चार बायका हसल्या. वत्सलाबाईही हसल्या. "स्टेपनी तर स्टेपनी, ताई. पंक्चर झाल्यावर आठवण येती तिची."

तेजल मात्र हसली नाही. ती माझ्याशेजारी उभी होती.

मग आमचा संसार रस्त्यावर सुरू झाला. शाळेला सुट्टी असली की तेजलही यायची. सुरगाण्याच्या बाजारात लोक न्हाऊनमाखून, केसांना तेल लावून यायचे. या आठवड्यात फोटो काढायचा आणि पुढच्या आठवड्यात तो धुऊन त्यांच्या हातात द्यायचा. त्या दिवशी घरगाडीपुढे जत्रा भरायची. म्हाताऱ्या भागीबाई आपला फोटो उलटसुलट करत म्हणाल्या, "माझं नाक येवढं हाय का?" वत्सलाबाई म्हणाल्या, "नाक नाय वो ते, रुबाब हाय." भागीबाईंनी फोटो लगेच कनवटीला लावला. नवी जोडपी ताजमहाल सोडून माझ्याजवळ येत आणि मला हात लावून फोटो काढून घेत. पाहुण्यांना वाटावं, गाडी यांचीच. मित्रांनो, किती घरांच्या भिंतींवर मी असेन, सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी नेहमी पाहत होते. तेजल वत्सलाबाईंना कुठल्याच नात्यानं हाक मारत नसे. "अहो, पाणी द्या." "अहो, माझी वही द्या." एखाद्या शेजारच्या काकूंशी बोलावं तसं. देवराम एकदा म्हणाले, "अगं, आई म्हण की."

वत्सलाबाई भाकरी थापत होत्या. "ऱ्हाऊ द्या. हाक काय पंपानं भरायची असती? जास्त दाबलं की फुटतं."

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. पण तेजल दूर गेली की वत्सलाबाईंचे डोळे तिच्यामागे जात. पाठीवर टांगलेली असल्यानं मला मागचं सगळं दिसतं.

वर्षं गेली. चालत्या चाकांना नवे टायर आले, मी जुनीच राहिले. ऊन खाल्लं, शेळ्यांनी अंग घासलं. देवराम मला विसरूनच गेले होते. वत्सलाबाई मात्र निघण्याआधी फडक्यानं मला पुसत, बोटानं टकटक करत, आणि आवाज पोकळ वाटला की हवा भरून आणत. पुसता पुसता गुणगुणत,

चालत्या चाकाला गं, वाट म्हणे ये रे ये,
टांगल्या चाकाला गं, वेळ म्हणे ऱ्हा रे ऱ्हा.

तेजलनं एकदा विचारलं, "ही कधी लागतच नाही. कशाला पुसता?"

"लागत नाय हे बरंच हाय की. पण लागंल तवा तिच्यात हवा नको?"

पुढच्या बाजाराला निघताना टकटक झाली ती मात्र लहान बोटांची होती.

तेजलची दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात देवरामांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नवरानवरी फोटोत मावेनात म्हणून ते मागे मागे सरकत गेले आणि थेट गटारात पडले होते. म्हणून जीप वत्सलाबाई चालवत होत्या. सुरगाण्याच्या अलीकडे घाटात 'फट्' झालं. घरगाडीचं डावं चाक बसलं.

देवराम दगडावर बसून सांगू लागले, "जॅक इकडं लावा. नाही, तिकडं. आधी असं करा..."

"तुम्ही हाताला जपा," वत्सलाबाई म्हणाल्या आणि चाकांना दगड लावायला गेल्या. त्यांच्याआधीच तेजल खाली वाकली होती. तिनं नट सैल केले. "अहो, जॅक द्या." जॅक आला. घरगाडी उचलली, फुटकं चाक निघालं. मग ती माझ्याकडे आली. तिनं दोन्ही अंगठ्यांनी मला दाबून पाहिलं. मी टणक होते.

तेजल हसली. माझ्याकडे पाहून हसली, आणि मग वत्सलाबाईंकडे पाहून.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल, एखादं माणूस असेल. रोज लागत नाही, मागेच असतं. त्याला कधीमधी पुसत जा, टकटक करून विचारत जा. एवढंच माझं मागणं आहे. कारण त्या घाटात, भर उन्हात, मी पाच बोल्टांवर अलगद बसले, तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट झाली. ती अजून व्हायची होती.

तेजलनं मला गुडघ्यानं रेटून धरलं, पहिला नट बोटांनी फिरवला आणि मागे न पाहताच हात पसरला.

"आई, पाना दे."