जुन्या भागांची पिशवी

मिस्त्री अंगणात आला तेव्हा दाजी खुर्चीतून उठले नाहीत, की पाण्यालाही विचारलं नाही. विचारतील कशाला? वर्षभर त्या दोघांत विस्तव जात नव्हता.

भांडणाचं मूळ शेडमध्ये उभं होतं. दाजींचा म्हातारा ट्रॅक्टर. दीड वर्षामागे मिस्त्रीनं त्याला नांगर उचलणारा नवा हायड्रॉलिक पंप बसवला होता. सख्ख्या बहिणीचं घर, म्हणून अगदी जीव ओतून. सहा महिन्यांत नांगर कुंथत उठायला लागला आणि आता तर जागचा हलेना. झालं! मेहुण्यानं चांगला पंप ढापला आणि भंगार गळ्यात मारलं, असं दाजी दिसेल त्याला सांगत सुटले. वर ताईला बजावलं की त्या चोराच्या घरी पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून ताईचं माहेर बंद होतं.

दुसऱ्या कारागिराला बोलवायला दाजी तयार नव्हते. त्यांनी निरोप धाडला होता: शेजाऱ्यांदेखत उघडून दाखव. खोट तुझी नसली तर बहिणीला घेऊन जा. असली तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. मिस्त्रीला दुसरं काही नकोच होतं. ताईनं पूर्वीसारखं हक्कानं घरात यावं, बायकोच्या हातचा चहा नावं ठेवत प्यावा, एवढंच.

मिस्त्रीची एक रीत होती. काढलेला जुना भाग, मग तो वाकडा स्क्रू का असेना, पिशवीत भरून मालकाच्या हाती द्यायचा. मागून कुणी बोट दाखवायला नको. दाजींनी नेमकी तीच पिशवी आणून त्याच्या पायाशी आपटली.

"हे घे तुझं दान. नव्यापेक्षा यातला जुना पंप बरा होता."

मिस्त्रीनं दातओठ खाल्ले, पण पाना उचलला. दोन शेजारी हाताची घडी घालून उभे होते, ताई दारात. त्यानं तेल डब्यात उतरवलं, बोल्ट सोडले, पंप ओढून काढला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पंप ठणठणीत होता. झिजलं होतं ते कपलिंग, इंजिनाची फिरकी पंपाला देणारा तो मुठीएवढा तुकडा. त्याचे दाते एका अंगानं वापरल्या साबणासारखे गुळगुळीत झाले होते. इंजिन फिरत होतं, पंप जागीच.

त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. दाजी काही दूधखुळे नव्हते. सहा महिन्यांत पोलाद झिजतं होय, असं त्यांनी विचारलं. चालवणाऱ्याचा हात जड असला की झिजतं, असं मिस्त्रीनं सुनावलं, आणि शेजारी हसले. दाजींचं तोंड कडू झालं.

जुना पंप शेजारी ठेवून फरक दाखवावा म्हणून मिस्त्रीनं पिशवीत हात घातला. बोटांना एक रिंग लागली. बांगडीहून लहान, पोलादी. त्यानं ती चाचपून ओळखली.

ही रिंग खोबणीत बसते आणि पंपाला बरोबर मध्यावर धरते. दीड वर्षामागे ती जुन्या पंपाला चिकटून बाहेर आली असणार. आणि हा शहाणा रीत पाळायच्या नादात तीही पिशवीत भरून मोकळा झाला. नवा पंप केसभर तिरका बसला आणि रोज थोडं थोडं कपलिंग खात राहिला. म्हणजे खोट त्याचीच होती.

त्यानं ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा वर्षात पहिल्यांदा असा उजळला होता. त्यानं मूठ मिटली, ट्रॅक्टरवर वाकला आणि रिंग गुपचूप खोबणीत सरकवली. वर सोबतच्या सुट्या भागांतलं नवं कपलिंग, ग्रीस, पंप, बोल्ट. तेल भरून ट्रॅक्टर सुरू केला तसा नांगर सरसर वर आला.

दाजी शब्दाला जागले. दाढ उपटल्यासारखा चेहरा करून ते शेजाऱ्यांना म्हणाले की मेहुणा चोर नाही, आपलं चुकलं. शेजारी गेल्यावर ताईला म्हणाले, "जा. कपडे भर."

ताई उकिडवी बसून जुने भाग गोळा करत होती. वर्षभर नवऱ्यानं चोर म्हटलं की ती हीच पिशवी त्याच्यापुढे ओतायची, एकेक तुकडा फडक्यानं पुसायची आणि विचारायची, चोर असं सगळं परत देतो का? तिला प्रत्येक वस्तू हाताच्या ओळखीची होती. तिनं आत चाचपलं. आजूबाजूला पाहिलं. मग ट्रॅक्टरकडे.

"रिंग आत बसवलीस ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "ती आधीच आत हवी होती."

मिस्त्री पुसलेले हात पुन्हा पुसत राहिला. "ताई, तू घरी यावीस म्हणून..."

"वर्षभर ह्यांच्याशी भांडले मी. तुझ्यासाठी. आणि आज तू ह्यांना चारचौघांत माफी मागायला लावलीस."

तिनं पिशवीची गाठ मारली आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. "मला नाही जायचं कुठं," एवढं बोलून ती घरात गेली.

दाजी पिशवी धरून उभेच राहिले. मग वर्षात पहिल्यांदाच शिवी न घालता त्यांनी मेहुण्याला विचारलं, "काय झालं रे हिला?"

मिस्त्रीनं पाने पेटीत टाकले. नांगर अजून वरच होता, बोटभरही खाली उतरला नव्हता. काम अगदी चोख झालं होतं.