रामजीकाकांचा जंतू

चायना ग्रास भिजत घातलं की बकुळाताईंना अजूनही परळची प्रयोगशाळा आठवते. आता प्रभादेवीच्या स्वयंपाकघरात ते नातवंडांच्या पुडिंगसाठी भिजतं. अठ्ठावन्न साली त्याच पांढऱ्या दोऱ्यांवर त्या जंतू वाढवत. जंतू वाढवायला लागणारं परदेशी अगार महिनोन्‌महिने यायचं नाही. मग प्रयोगशाळेचे डॉक्टर नाबर भुलेश्वरातून चायना ग्रासची पुडकी मागवत, वांद्र्याच्या कत्तलखान्यातून जनावराचं पित्त बाटलीत भरून येई, आणि धर्मादाय दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, स्टोव्हच्या घरघराटात, बकुळा ते सगळं ढवळत बसे. कपड्यांना तो वास लागायचा. चाळीत परतली की आई म्हणायची, "आधी मोरीत जा, मग बोल."

बावीस वर्षांची होती ती. वरळीच्या बीडीडी चाळीतली, बाप गिरणीत, दोन वर्षांपूर्वी सगळ्या घरानं मिळून दीक्षा घेतलेली. मॅट्रिक झाली तीही रामजीकाकांमुळे. रामजीकाका खालच्या मजल्यावरचे, गिरणीत साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, कामगार. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, पोरगी अभ्यास करणार कुठं, म्हणून त्यांनी मंडळाच्या खोलीची किल्ली सरळ तिच्या हातात दिली होती. "कॅरमवाले बोंबलले तर माझं नाव सांग," म्हणाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा माणूस. सभेत त्यांच्या खड्या आवाजाची घोषणा गेली की मागच्या रांगेतलीसुद्धा माणसं उठायची.

त्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी नाबरांनी आतून चिठ्ठी पाठवली. पेशंटचं नाव, आनंदा साळवी. बकुळा काचेची पट्टी घेऊन पडद्याजवळ गेली आणि थबकली. बाकावर खोटं नाव सांगून रामजीकाका बसले होते. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं.

"बकुळे? तू इथं?" ते धडपडत उठले. "मी जातो. दुसरीकडं बघतो कुठंतरी."

"काका, बसा."

"पोरीच्या जातीनं हे बघायचं नसतं गं."

"मी पोरगी नाही इथं," बकुळा म्हणाली. "इथं मला फक्त काच दिसते. नावसुद्धा आनंदा साळवी असंच दिसतं."

ते खाली मान घालून बसले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना थंडी वाजून सडकून ताप आला होता. लघवीला आग, ओटीपोटात आणि पार खाली बसायच्या जागी ठणका. नाक्यावरच्या डॉक्टरनं काही न तपासता विचारलं होतं, "कुठं जाऊन आलास?" आणि पेनिसिलिनची सुई टोचायला, सोबत सल्फाच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. ताप उतरला, दुखणं राहिलं. सुया-गोळ्या मात्र चालूच होत्या. त्यात तिथला कंपाउंडर बाहेर बोलला. फोरास रोडच्या वेश्यावस्तीचं नाव न घेतासुद्धा सगळ्यांना समजेल असं बोलला. चाळीत बातमी पसरायला किती वेळ! रामजीकाकांनी नळावर जायचं सोडलं, सभेला जायचं सोडलं.

नाबरांनी तपासून सांगितलं, "प्रोस्टेटला सूज आहे. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असते ती गाठ. तिथं कोण घर करून बसलंय ते शोधायचं." बकुळानं पट्टी रंगवली. जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, शेवटी लाल. भिंगाखाली पू होता, पण ज्याचा संशय होता तो परम्याचा, जोडीजोडीनं बसणारा, घेवड्याच्या दाण्यासारखा जंतू कुठंच दिसला नाही. दोन-चार गुलाबी काड्या होत्या. चायना ग्रासच्या बश्यांवर मात्र काहीच उगवलं नाही.

"औषधांनी अर्धमेले झालेत, वाढत नाहीत," नाबर म्हणाले. "सुया-गोळ्या बंद करा. ताप आला तर त्याच दिवशी या, नाहीतर दहा दिवसांनी. तेव्हा दोन बाटल्या घेऊ. आधीची लघवी एकीत. मग मी ती गाठ दाबणार, आणि त्यानंतरची दुसरीत. पहिलीत कमी आणि दुसरीत जास्त जंतू निघाले, तर घर कुठं आहे ते कळलं."

रामजीकाका ठरल्या दिवशी आले. दोन्ही बाटल्यांतला थेंब थेंब बकुळानं मोजून बश्यांवर पसरला आणि त्या उबवणीच्या कपाटात ठेवल्या. संध्याकाळी कळलं की दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीचा हरताळ आहे.

सकाळी ट्राम नाही, बस नाही. बाप म्हणाला, "आज कसलं काम? सगळी मुंबई बंद आहे."

"जंतूंचा हरताळ नाही ना बाबा. उद्यापर्यंत ते एकमेकांवर चढतील, मोजता यायचे नाहीत. परत दहा दिवस बिनऔषधाचं राहावं लागेल त्या माणसाला."

"कोण माणूस?"

"आहे एक."

बाप उठला. चपला घालून एल्फिन्स्टनच्या पुलापर्यंत तिच्याबरोबर आला. पुलावर कार्यकर्त्यांनी अडवलं. "बाई, आज कामावर?"

"दवाखाना आहे," ती म्हणाली. एकानं बाजूला होऊन वाट दिली. खालून मोर्चा येत होता, लाल, निळे, भगवे झेंडे एकत्र, आणि ज्या आवाजात घोषणा द्यायला हवी होती तो आवाज मात्र तिला ऐकू आला नाही. वरळीत खाटेवर पडला होता तो.

दवाखान्यात रखवालदाराशिवाय कुणी नव्हतं. बकुळानं कपाट उघडलं. पहिल्या बाटलीच्या बशीवर चार ठिपके. दुसरीवर गुलाबी ठिपक्यांची नुसती दाटी, मोजता मोजता बोट दुखायला लागलं. ती एकटीच त्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "सापडलास!" मग त्यातला एक ठिपका तारेच्या फासानं उचलून नळीत सोडला, दुसरे ठिपके नव्या बशीवर पसरून औषधांच्या कागदी चकत्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी नळीत जंतू ओळखायचं औषध टाकताच वर लाल कडं आलं. बी. कोलाय, आतड्यातला अगदी साधा जंतू. पेनिसिलिनच्या चकतीला तो खेटून वाढला होता. टेट्रासायक्लिनच्या चकतीभोवती मात्र रुपयाएवढी स्वच्छ जागा होती, तिथं तो वाढूच शकला नव्हता.

त्याच दिवशी नळावर जाईकाकीनं तिला गाठलं. जाईबाई, रामजीकाकांची बायको. दोन महिने कुणाशी न बोललेली बाई हंडा खाली ठेवून उभी राहिली.

"बकुळे, तुला ठाव हाय. ते तुमच्याकडंच येतात, मी पाठीमागनं येऊन बघितलं. खरं सांग. बाहेरचं हाय ना?"

बकुळाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. नाबरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की दुसऱ्याच्या काचेवरचं बाहेर बोलायचं नाही. एका कंपाउंडरच्या जिभेनं काय झालं ते समोर उभंच होतं.

"काकी, मला बोलता येत नाही. पण उद्या त्यांच्यासोबत तूच ये. डॉक्टरला विचार."

जाईकाकीनं तिच्याकडं रागानं बघितलं आणि हंडा उचलला. बकुळाला वाटलं, ही आता येत नाही. तिनं नाबरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "त्यांची परवानगी असेल तर मी सांगेन."

ती आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, नवऱ्याच्या चार पावलं मागं. नाबरांनी विचारलं, "यांच्यासमोर बोलू?" रामजीकाकांनी होकारार्थी मान हलवली. नाबरांनी भिंग लावलं आणि जाईकाकीला स्टुलावर बसवलं. "एक डोळा मिटा. दिसतंय काही?"

"गुलाबी कण्या."

"तो हा चोर. तो माझ्या पोटात आहे, तुमच्या आहे, तान्ह्या पोराच्याही आहे. तिथं तो गुण्यागोविंदानं राहतो. यांच्या बाबतीत वाट चुकून नको त्या गाठीत शिरला. यात यांचं काही चुकलेलं नाही."

जाईकाकी बराच वेळ भिंगावरून उठली नाही. उठली ती सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दोन महिनं दुखत हुतं. मला का नाही सांगितलं?"

"तुला खरं वाटलं नसतं."

"मी विचारलं नाही, हे माझं चुकलं. पन तुम्ही बोलला नाही, ते कुनाचं?"

लाठ्या खाल्लेला तो माणूस तोंडाला रुमाल लावून रडला. बकुळा बश्या धुवायच्या निमित्तानं मोरीकडं वळली. मागून जाईकाकीचा आवाज आला, "डाक्टर, गोळ्या जेवनाआधी का जेवनानंतर?"

पिवळ्या कॅप्सूल सहा आठवडे चालल्या. बरं व्हायला वेळ लागला. मधे एकदा दुखणं उलटलंही, पुन्हा बश्या, पुन्हा गोळ्या. साठच्या मे महिन्यात राज्य झालं तेव्हा रामजीकाका शिवाजी पार्कला चालत गेले आणि चालत आले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता, असं लोक म्हणत. बकुळाताईंना तसं आठवत नाही.

जाईकाकीचं मात्र त्यांना पक्कं आठवतं. पुढची कित्येक वर्षं चाळीत कुणी लाजत-काजत दुखणं लपवू लागलं की ती त्याला नळावरच गाठायची आणि सगळ्यांदेखत सांगायची, "आमच्या बकुळाकडं जा परळला. ती आधी बघते, मग बोलते."

प्रयोगशाळेच्या दारात अशी माणसं येऊन उभी राहत. "जाईबाईनं पाठवलंय," एवढंच म्हणत आणि बाटली पुढं करत.